पिचरच्या दुखावलेल्या हाताची किंमत

2021 च्या जुलैमध्ये डेन्व्हर येथे मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची क्रमवार निवड, झाला आणि न्यूयॉर्क मेट्स या संघाने दहाव्या क्रमांकावर कुमार रॉकर या पिचरची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, निवड केली. टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या वॅन्डरबिल्ट विद्यापीठाकडून खेळणारा, आईकडून भारतीय वंशाचा असलेला हा एकवीस वर्षांचा मुलगा तेव्हा कॉलेज बेसबॉलमधील सर्वांत परिचित नावांपैकी एक होता. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, 2019 मध्ये, त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, न देता 19 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारता न आल्याने बाद, केले होते. त्याच मोसमात वॅन्डरबिल्टने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि अंतिम स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. मेट्सने त्याला 60 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. मग संघाच्या डॉक्टरांनी त्याचा उजवा हात तपासला आणि 1 ऑगस्ट ही सह्या करण्याची शेवटची तारीख सहीविना उलटून गेली. डॉक्टरांना नेमके काय दिसले, हे संघाने जाहीर केले नाही. रॉकरच्या बाजूने सांगण्यात आले की स्वतंत्र डॉक्टरांच्या मते हात ठीक आहे. एकाच हाताची दोन वाचने झाली आणि त्यांतले एक वाचन करणाऱ्याकडेच निर्णयाचा अधिकार होता.

आयपीएलचा लिलाव पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला या अधिकाराचे वजन चटकन जाणवणार नाही. लिलावात एका संघाने हात आखडता घेतला तरी दुसरा बोली लावू शकतो. ड्राफ्टमध्ये मात्र एकदा नाव पुकारले गेले की त्या वर्षापुरता त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क एकाच संघाकडे जातो. खेळाडूच्या हाती उरते ती फक्त नकार देण्याची मुभा, आणि नकाराचा अर्थ म्हणजे आयुष्यातले एक वर्ष, तेही अशा वयात आणि अशा धंद्यात की जिथे प्रत्येक वर्षाला त्याच्या हाताच्या टिकाऊपणातून काही ना काही वजा होत असते. अशा व्यवहारात वैद्यकीय अहवाल हा केवळ आरोग्याचा कागद राहत नाही. तो घासाघीस करण्याचे साधन होतो.

दुखापत झालेल्या कॉलेज पिचरची व्यावसायिक क्षमता कशी जोखावी, या प्रश्नाला म्हणूनच दोन बाजू आहेत. एक ज्ञानाची: हातात काय शिल्लक आहे हे खरोखर कसे कळते? दुसरी न्यायाची: जे कळत नाही, त्याचा भार कोणी उचलायचा? माझे म्हणणे असे आहे की आजची पद्धत पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या प्रतिमेकडून घाईने घेते आणि दुसऱ्या प्रश्नाचा जवळजवळ सगळा भार त्या मुलाच्या खांद्यावर टाकते, आणि या दोन्ही चुका परस्परांना पोसतात.

प्रथम हाताविषयी. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाचे कोपर नियमानेच जवळपास सरळ राहते, त्यामुळे त्याच्या शरीराचा मोठा भार पाठीच्या कण्यावर येतो आणि त्याची काळजीची जागाही तीच असते. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून, हात मागे पिळून, मग तो पीळ एका झटक्यात सोडून चेंडू फेकतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर येणारा पीळ प्रयोगशाळेत मोजला असता सुमारे 64 न्यूटन-मीटर भरला आहे, आणि मृतदेहाच्या कोपरातील अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) त्याच्या निम्म्याच्या आसपास पीळ देताच तुटतो असे आढळले आहे. जिवंत पिचरचे कोपर टिकते, कारण भोवतालचे स्नायू उरलेला भार वाटून घेतात. म्हणजे प्रत्येक जोरकस चेंडूला तो अस्थिबंध आपल्या मर्यादेच्या काठावर उभा असतो. स्नायू थकले, कंबर आणि खांदा यांच्या फिरण्याची वेळ किंचित चुकली, दोन सामन्यांमधली विश्रांती अपुरी पडली, की वाटणीचे हे गणित बिघडते.

1974 पर्यंत तो अस्थिबंध तुटणे म्हणजे कारकीर्द संपणे होते. त्या वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन, मोसमात 13 विजय आणि 3 पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावरही मांडतात) अशा उत्तम स्थितीत असताना, एका चेंडूनिशी निकामी झाला. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 रोजी त्याच्या उजव्या मनगटातील कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवली. यशाची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी त्याला सांगितले होते. जॉन 1976 मध्ये परतला, 1989 पर्यंत खेळला, आणि त्याच्या एकूण 288 विजयांपैकी 164 विजय त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया इतकी रुळली आहे की मेजर लीगमधले साधारण पाचांपैकी चार पिचर तिच्यानंतर पुन्हा त्या पातळीवर खेळताना दिसतात.

या यशातूनच एक घातक समज पसरला आहे: कोपर शिवले की नवे होते, किंबहुना आधीपेक्षा वेगवान होते. हा समज अमेरिकेत शाळकरी मुलांच्या पालकांपर्यंत पोहोचला आहे, याचे मला मनापासून दुःख वाटते. वेग वाढलेला दिसतोच, तर तो बहुतेकदा वर्ष-दीड वर्षाच्या पुनर्वसनात पाय, कंबर, पाठ यांच्यावर जी मेहनत होते तिच्यामुळे आणि वाढत्या वयामुळे. प्रत्यारोपित कंडरेत कोणतीही जादू नसते, आणि तीही तुटते. दुसऱ्यांदा ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पिचरांची यादी आता लहान राहिलेली नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की एमआरआयच्या प्रतिमेत फाटलेले किंवा झिजलेले काही दिसले म्हणजे निकाल लागला. जेम्स अँड्र्यूज या नामवंत शल्यचिकित्सकांनी एकदा कोणतीही तक्रार नसलेल्या 31 व्यावसायिक पिचरांच्या खांद्यांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे 90 टक्के खांद्यांतील कूर्चा आणि 87 टक्के खांद्यांतील स्नायूंच्या कंडरा सदोष दिसल्या. हे सगळे जण त्या वेळी वेदनेविना चेंडू फेकत होते. वर्षानुवर्षे फेकणारा हात सामान्य माणसाच्या हातासारखा दिसतच नाही. नांगरधऱ्याचे तळहात जसे घट्टे पडून वेगळे होतात, तसा तो आतून वेगळा होतो. प्रतिमा दोष दाखवते. तो दोष दुखापतीचा आहे की सवयीचा, हे ती सांगत नाही. ते सांगायला तो हात वर्षभर वापरात पाहिलेला माणूस लागतो.

या बाबतीत आर. ए. डिकी या पिचरची गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि बहुधा चुकीच्या अर्थाने सांगितली जाते. टेनेसी विद्यापीठाच्या डिकीला 1996 मध्ये टेक्सास रेंजर्सने पहिल्या फेरीत निवडले आणि 8 लाख 10 हजार डॉलर देऊ केले. एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्रात त्याचा उजवा हात विचित्र लोंबकळताना दिसला, म्हणून तपासणी झाली, आणि उघड झाले की त्याच्या उजव्या कोपरात तो अस्थिबंधच नाही. देऊ केलेली रक्कम मागे घेतली गेली आणि अखेर 75 हजारांवर करार झाला. सोळा वर्षांनी, 2012 मध्ये, डिकीने मेट्सकडून खेळताना 20 सामने जिंकून सर्वोत्कृष्ट पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. यावरून डॉक्टर मूर्ख होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते खरे नाही. डिकी मोठा झाला तो नकलबॉल या मंद, न फिरणाऱ्या चेंडूवर; त्याच्या फास्टबॉलने, म्हणजे वेगवान चेंडूने, त्याला मेजर लीगमध्ये कधीच स्थिर होऊ दिले नव्हते. मला त्यातून दिसते ते वेगळेच: ज्या कोपरात अस्थिबंध नव्हता, त्या कोपराने तो कॉलेजमध्ये आणि अटलांटा ऑलिंपिकच्या अमेरिकी संघात खेळला होता, आणि तरीही एका छायाचित्रानंतर त्याच्या प्रत्यक्ष खेळाचा पुरावा एकदम कवडीमोल ठरला.

दुसरीकडे ब्रेडी एकनचे उदाहरण आहे आणि ते माझ्या बाजूला अडचणीचे असले तरी टाळण्यासारखे नाही. 2014 मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने हायस्कूलच्या या डावखुऱ्या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि 65 लाख डॉलरवर सहमती झाली. तपासणीत कोपरातील अस्थिबंध उपजतच लहान असल्याचे आढळले, तेव्हा संघ सुमारे 31 लाखांवर उतरला. शेवटी 50 लाखांपर्यंत चढला, पण करार झाला नाही. पुढच्याच वर्षी एकनला कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. क्लीव्हलँडने त्याला 2015 मध्ये सतराव्या क्रमांकावर घेतले, पण मेजर लीगमध्ये तो कधी पोहोचला नाही. डॉक्टरांचे वाचन इथे बरोबर ठरले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्या 31 लाखांच्या आकड्याकडे नीट पाहा. पहिल्या क्रमांकासाठी ठरवून दिलेल्या रकमेच्या तो बरोबर 40 टक्के होता, आणि नियमानुसार तेवढे देऊ केले की करार फिसकटला तरी संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून एक निवड मिळत असे. ॲस्ट्रोजला 2015 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली आणि तिच्यातून ॲलेक्स ब्रेगमन आला, जो पुढे त्यांच्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ झाला. रॉकरच्या प्रकरणात तर एवढेही बंधन नव्हते. ड्राफ्टच्या आधी होणाऱ्या ऐच्छिक एमआरआय कार्यक्रमात त्याने भाग घेतला नव्हता, म्हणून मेट्सने त्याला एक डॉलरही देऊ न करता निरोप दिला, तरी 2022 च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकाची निवड त्यांच्या पदरात पडली. दहाव्याच्या जागी अकरावी. संघाने गमावले ते इतकेच. रॉकरने गमावले ते एक वर्ष आणि कॉलेजचे मैदानही. पुढच्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्क राज्यातील ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स या स्वतंत्र लीगच्या संघाकडून खेळत होता.

ज्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही, तो बारकाईने पाहण्याचे कष्ट का घेईल? माझ्या मते स्काउटिंगच्या, म्हणजे खेळाडू हेरण्याच्या, दर्जाचा प्रश्न या असमतोलातच अडकलेला आहे. शंका घेऊन मागे सरणे जवळपास फुकट असेल, तर शंकेचे निरसन करण्याचे ज्ञान विकसित होत नाही.

ते ज्ञान कसले, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण या व्यवसायातली खरी विद्या तिथे आहे. निरोगी पिचर पाहताना स्काउट काही प्रमाणात शितावरून भाताची परीक्षा करू शकतो: दोन इनिंग (बेसबॉलच्या सामन्यातले छोटे डाव), रडार गनवरचे वेगाचे आकडे, स्लायडर या वळणाऱ्या चेंडूची वळण घेण्याची उशिराची जागा, आणि 20 ते 80 या मापावर प्रत्येक चेंडूला एक गुण. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या पिचरला हे माप लावले तर हमखास फसगत होते. वेग आधी परत येतो, नियंत्रण नंतर येते, आणि चेंजअपसारखा बोटांच्या जाणिवेवर अवलंबून असलेला, फलंदाजाला चकवणारा मंद चेंडू कधीकधी सगळ्यांत शेवटी परत येतो. पहिल्या इनिंगमध्ये ताशी 96 मैलांचा फास्टबॉल पाहून ‘हात बरा झाला’ असे लिहून निघून जाणारा स्काउट पाचव्या इनिंगमध्ये काय झाले ते पाहतच नाही. तिथे चेंडू सोडण्याची उंची बोटभर खाली आली का, पिचर स्लायडर टाकायचे टाळू लागला का, फास्टबॉल उजव्या फलंदाजाच्या आतल्या बाजूला न जाता मधोमध येऊ लागला का, हे प्रश्न असतात. वेदना लपवणारा हात पहिल्यांदा आपला मार्ग आखूड करतो. त्याची खूण आकड्यात उशिरा उमटते. डोळ्याला ती आधी दिसते, पण ज्याने दुखापतीपूर्वीही त्या मुलाला पाहिले असेल त्याच्याच डोळ्याला.

याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. कॉलेजचा मुख्य पिचर आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी रात्री, फेकतो. व्यावसायिक संघात त्याला दर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी उभे राहावे लागते, तेही सहा महिने. सात दिवसांनी ताजातवाना होणारा हात पाच दिवसांनी कसा असेल, हे कॉलेजच्या कोणत्याही सामन्यावरून कळत नाही, आणि दुखावलेल्या हाताचे सगळे भवितव्य नेमके त्या दोन दिवसांच्या फरकात असते. म्हणून अशा पिचरचा अहवाल लिहिताना तो दोन भूमिकांत लिहावा असे मला वाटते: सामना सुरू करणारा म्हणून त्याची शक्यता किती, आणि शेवटच्या इनिंगांत थोडा वेळ फेकणारा म्हणून किती. ईस्ट कॅरोलिना विद्यापीठाच्या जेफ हॉफमनला मे 2014 मध्ये शस्त्रक्रिया झालेली असतानाही टोरोंटो ब्लू जेजने त्याच वर्षी नवव्या क्रमांकावर घेतले. सुरुवातीचा पिचर म्हणून तो अनेक वर्षे चाचपडला आणि 2024 मध्ये फिलाडेल्फियाकडून शेवटच्या इनिंगांत फेकणारा म्हणून ऑल-स्टार, म्हणजे मोसमातील निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच अवस्थेत, अठराव्या क्रमांकावर घेतला गेलेला एरिक फेडी 2023 मध्ये दक्षिण कोरियाच्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला आणि मग मेजर लीगमध्ये परतला. दोघांच्याही बाबतीत फळ मिळायला नऊ-दहा वर्षे लागली आणि तोवर ते निवडणाऱ्या संघाकडे राहिलेही नव्हते.

वॉकर ब्यूलरची गोष्ट त्या मानाने लवकर घडली. वॅन्डरबिल्टच्याच या पिचरला डॉजर्सने 2015 मध्ये चोविसाव्या क्रमांकावर घेतले. कोपराविषयी शंका होतीच, आणि सही झाल्यावर काही आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. संघाने घाई केली नाही. सप्टेंबर 2017 मध्ये तो मेजर लीगमध्ये आला आणि 2019 व 2021 मध्ये ऑल-स्टार झाला. 2022 मध्ये त्याचे कोपर दुसऱ्यांदा उघडावे लागले आणि तरी 2024 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा आउट त्यानेच मिळवला. या निवडीत डॉजर्सच्या डॉक्टरांना काही वेगळे दिसले असे नाही. त्यांनी जोखीम पाहिली, तिची किंमत कमी लावली, पण लावली, आणि मुलाला संघाच्या डॉक्टरांच्या व प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली बरे होऊ दिले. शंका आणि स्वीकार एकत्र नांदू शकतात, याचा हा चांगला पुरावा आहे.

दुखापत मुळात होते कुठे, याकडेही वळले पाहिजे. मेजर लीगमधील फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, तो 2024 मध्ये 94.2 मैल, म्हणजे सुमारे 152 किलोमीटर झाला. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा हा ध्यास आणि प्रत्येक चेंडू सर्वस्व पणाला लावून टाकण्याची पद्धत दुखापतींच्या वाढीला कारणीभूत धरली आहे. स्काउट ज्या गोष्टीला सर्वाधिक गुण देतो, तीच गोष्ट हात मोडते, आणि मग तोच उद्योग मोडलेल्या हाताचे मोल कमी करतो. कॉलेजेही यातून सुटत नाहीत. रॉकरने 2021 च्या मोसमात 122 इनिंग फेकून 179 स्ट्राइकआउट घेतले. त्याच्या विद्यापीठाने काही नियमबाह्य केले असे मी म्हणत नाही. कॉलेज बेसबॉलमध्ये एका सामन्यात किती चेंडू टाकू द्यावेत याची मर्यादाच नाही. मुलाला मात्र 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसा घेण्याचीही परवानगी नव्हती. हाताचा उपभोग एकाने घ्यायचा, त्याची झीज दुसऱ्याने मोजायची आणि नुकसान तिसऱ्याने सोसायचे, अशी ही व्यवस्था आहे.

2022 च्या मार्चमध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात झालेल्या करारात एक चांगली सुधारणा आली: ड्राफ्टच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घेणाऱ्या खेळाडूला निवडणाऱ्या संघाने त्या क्रमांकाच्या ठरीव रकमेच्या किमान 75 टक्के देऊ केले पाहिजेत. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, कारण शंका व्यक्त करण्याची वेळ त्यामुळे निवडीच्या आधी येते. पण ठरीव रकमा पहिल्या दहा फेऱ्यांनाच असतात आणि ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा आहे. बाराव्या किंवा पंधराव्या फेरीतला, नाव नसलेल्या कॉलेजचा, मोठा प्रतिनिधी न परवडणारा पिचर होता तिथेच राहतो. त्याच्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात असे मला वाटते. वैद्यकीय कारणावरून संघ मागे सरला, तर त्या खेळाडूवरचा त्याचा हक्क त्याच दिवशी संपावा आणि खेळाडूला कोणत्याही संघाशी बोलता यावे. मागे सरणाऱ्या संघाला भरपाईची निवड मिळू नये, निदान त्याने रास्त रक्कम देऊ केल्याखेरीज तरी नाही. आणि डॉक्टरांना काय दिसले, ते लेखी, प्रतिमांसह, खेळाडूला मिळावे. तो त्याचा हात आहे. संघांना फसवणुकीची भीती वाटते, आणि दुखापत लपवणारे खेळाडू व प्रतिनिधी असतातही. पण निवडीच्या आधी कागद उघड ठेवणे हाच त्या भीतीवरचाही उपाय आहे.

रॉकरचे पुढे काय झाले, ते दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येते. सप्टेंबर 2021 मध्ये त्याच्या खांद्यावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली होती, हे नंतर बाहेर आले. म्हणजे मेट्सची शंका निराधार नव्हती. 2022 मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेऊन 52 लाख डॉलर दिले. म्हणजे त्याच हाताविषयी दुसऱ्या संघाने वेगळा निर्णय घेतला. मे 2023 मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. 12 सप्टेंबर 2024 रोजी सिॲटल मरिनर्सविरुद्ध तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उभा राहिला, चार इनिंग फेकल्या, एक धाव दिली आणि सात फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. 2025 मध्ये खांद्याच्या तक्रारीमुळे तो काही आठवडे बाहेर होता आणि मोसमभर त्याला सूर गवसला नाही. तो किती मोठा पिचर होईल हे अजून कोणी सांगू शकत नाही, आणि 1 ऑगस्ट 2021 रोजी ते सांगता येत होते असे मानणे तर त्याहून कठीण आहे. रेंजर्सलाही ते माहीत नव्हते. पण पुनर्वसनाचे चौदा महिने तो त्यांच्या वेतनपटावर होता, त्यांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होता, आणि सिॲटलच्या त्या सामन्यात चेंडू त्याच्याच हातात देण्यासाठी संघ थांबला होता.